हेल्वेशियाच्या पांढऱ्या भिंती

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

टपाल तिकिटं जमवण्याचा छंद ज्यांना कधी होता, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. स्वित्झर्लंडचं तिकीट हाती आलं तर त्यावर ‘स्वित्झर्लंड’ हा शब्द कुठेच सापडत नाही. तिथे असतं ‘हेल्वेशिया’. त्या देशाच्या मोटारींवरची खूण पाहावी, तर ‘सीएच’. ही अक्षरं ‘कॉन्फेडरेशिओ हेल्वेटिका’, म्हणजे हेल्वेशियाचा राज्यसंघ, या लॅटिन शब्दांची. कारण अगदी व्यवहारी आहे. देशात जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार भाषा. तिकिटावर नाव कोणत्या भाषेत छापायचं? चारही भाषांत छापावं तर चित्राला जागा उरायची नाही. तेव्हा जी भाषा आज कोणाच्याच घरात बोलली जात नाही, ती सगळ्यांची मानली आणि भांडण मिटवलं.

आपल्याला स्वित्झर्लंड माहीत असतो तो हिंदी सिनेमातल्या गाण्यांतून, किंवा घड्याळ, चॉकलेट आणि बँकेमुळे. क्षेत्रफळानं हा देश महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याहूनही लहान. पण बर्फाच्या त्या चित्राखाली दोन हजार वर्षांचे थर आहेत, आणि त्या थरांतलं बरंच काही त्याच देशातल्या माणसांनी एकदा मोडून, जाळून, गाडून टाकलेलं आहे. आज त्याविषयी बोलायचं आहे.

हेल्वेटी हे एका केल्टिक टोळीचं नाव. इसवी सनापूर्वी ५८ साली या लोकांनी आपला डोंगराळ मुलूख सोडून पश्चिमेला, आजच्या फ्रान्समध्ये जाऊन राहायचं ठरवलं. परत फिरायचा मोहच नको म्हणून त्यांनी आपली बारा नगरं आणि सुमारे चारशे खेडी स्वतःच्या हातानं पेटवून दिली. हे सांगतो ज्युलियस सीझर, म्हणजे त्यांना अडवणारा रोमन सेनापती. त्यानं जिनिव्हाजवळचा पूल तोडला, सरोवरापासून जुरा पर्वतापर्यंत तटबंदी उभारली आणि शेवटी बिब्राक्ट इथे त्यांचा पराभव केला. सीझरच्या हिशेबानं निघालेली माणसं होती ३ लाख ६८ हजार आणि परत गेलेली १ लाख १० हजार. विजेत्यानं दिलेले आकडे सावधपणेच घ्यायचे असतात. आजचे इतिहासकार ते फुगवलेले मानतात. महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. सीझरनं उरलेल्यांना मारलं नाही. ‘परत जा आणि जाळलेली गावं पुन्हा बांधा’ असा हुकूम सोडला, कारण मुलूख रिकामा राहिला असता तर ऱ्हाइन ओलांडून जर्मन टोळ्या तिथे उतरल्या असत्या. तेव्हा ज्या लोकांचं नाव आज तिकिटावर आहे, ते आपल्या देशात राहिले ते स्वखुशीनं नव्हे, हुकमानं.

पुढे रोमन आले आणि राहिले. आवाँश हे आज साधंसं गाव आहे. रोमन काळात ते आवेंटिकम होतं, हेल्वेटींची राजधानी. त्याचा तट साडेपाच किलोमीटरचा होता. तटाच्या आतली बरीचशी जागा आज शेतजमीन आहे. एका मोठ्या देवळाचा एकच खांब उभा राहिला. त्यावर करकोचे घरटं करत, म्हणून त्याचं नावच ‘करकोच्यांचा खांब’ पडलं. त्या देवळाच्या परिसरात १९३९ च्या एप्रिलमध्ये खोदकाम चालू असताना एका जुन्या गटारात चिखलानं भरलेली एक वस्तू लागली. ती होती सोन्याच्या पत्र्यातून घडवलेली, दीड किलोहून अधिक वजनाची एका दाढीवाल्या पुरुषाची अर्धप्रतिमा. बहुतेक अभ्यासक ती सम्राट मार्कस ऑरेलियसची मानतात. हल्ल्याच्या भीतीनं कोणीतरी ती गटारात लपवली असणार. लपवणारा काही परत आला नाही. एरवी रोमन काळातल्या सोन्याच्या मूर्ती जवळपास सगळ्याच वितळवल्या गेल्या. ही वाचली ती गटारात पडून राहिली म्हणून.

विंडिश इथे सैन्याची छावणी होती. तिथे सापडलेला ठेवा तर निव्वळ कचऱ्याचा. छावणीच्या उकिरड्याच्या ओल्या थरांत शेकडो लाकडी पाट्या टिकून राहिल्या. या पाट्यांवर मेण लावून पत्रं लिहीत. मेण गेलं, पण लेखणीचे ओरखडे लाकडावर राहिले. आणि ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, जवळजवळ अडीच हजार मीटर उंचीवर, रोमनांनी ज्युपिटरचं देऊळ बांधलं होतं. खिंड ओलांडणारे सैनिक, व्यापारी, गुलामसुद्धा तिथे काशाच्या छोट्या पट्ट्या वाहत. ‘जाणं आणि येणं सुखरूप होवो’ एवढंच त्यांचं मागणं. अकराव्या शतकात त्याच खिंडीत मेंथॉनच्या बर्नार्डनं प्रवाशांसाठी आश्रयगृह काढलं. देव बदलला, पण बर्फ आणि भीती तीच होती. ते आश्रयगृह आजही चालू आहे. वाट चुकलेल्यांना शोधणारे सेंट बर्नार्ड कुत्रे तिथलेच.

मध्ययुगाकडे वळताना आपल्या पाठ्यपुस्तकातला विल्यम टेल आठवतो. मुलाच्या डोक्यावरचं सफरचंद बाणानं उडवणारा. टेल खरोखर होऊन गेल्याचा पुरावा नाही. ती कथा प्रथम १४७० च्या सुमाराच्या हस्तलिखितात येते. खरा आहे तो १२९१ सालचा लॅटिन करारनामा. उरी, श्विझ आणि उंटरवाल्डन या तीन डोंगरी खोऱ्यांनी एकमेकांच्या मदतीला धावून जाण्याचं वचन त्यात दिलं आहे. एका पानाचा कागद, त्याखाली मोहरा, आणि त्यावरून १ ऑगस्ट हा राष्ट्रीय दिन. ही हकिगत बरेचदा सांगून झाली आहे, म्हणून मी ती इथेच सोडतो. मला सेंट गॅलनला जायचं आहे.

इसवी सन ६१२ च्या सुमाराला कोलंबानस नावाचा आयरिश साधू आपल्या शिष्यांसह इटलीकडे निघाला होता. त्यातला गॅलस आजारी पडला आणि जंगलातच राहिला. त्यानं अस्वलाला भाकरी दिली आणि अस्वलानं त्याला सरपण आणून दिलं, अशी आख्यायिका आहे. अस्वल आजही त्या शहराच्या चिन्हावर आहे. त्या झोपडीच्या जागी ७१९ मध्ये मठ उभा राहिला आणि मठात ग्रंथालय. ९२६ मध्ये मॅग्यार टोळ्या चालून येत होत्या. चर्चला लागून असलेल्या कोठडीत स्वतःला कायमचं कोंडून घेतलेली विबोराडा नावाची एक तपस्विनी तिथे राहत असे. तिनं मठाधिपतीला निरोप दिला, की आधी पुस्तकं हलवा, मग सोनंनाणं, मग माणसं. पुस्तकं रायशेनाऊ बेटावर नेली गेली आणि वाचली. ती स्वतः मात्र कोठडी सोडून गेली नाही. हल्लेखोरांनी छप्पर फोडून तिला ठार केलं. पुढे १०४७ मध्ये पोपनं तिला संतपद दिलं. अशा रीतसर प्रक्रियेनं संत ठरलेली ती पहिली स्त्री.

या ग्रंथालयात एक नकाशा आहे. चामड्याचे पाच तुकडे शिवून केलेल्या मोठ्या पानावर नवव्या शतकात एका आदर्श मठाचा आराखडा लाल शाईनं काढलेला आहे. चर्च आहेच, पण त्याबरोबर भटारखाना, बियर करण्याची जागा, वैद्याचं घर, रक्त काढण्याची खोली, औषधी वनस्पतींचे सोळा वाफे, कोंबड्यांचं आणि बदकांचं गोलाकार घर, राखणदाराची खोली, शौचकूप, सगळं काही. स्मशानभूमीत फळझाडं दाखवली आहेत. कबरींच्या मधे सफरचंद आणि पेअर. हा मठ असा कधीच बांधला गेला नाही. पण मध्ययुगाच्या आरंभकाळातला युरोपातला एवढा मोठा वास्तुआराखडा दुसरा उरलेला नाही. तो उरला कसा? बाराव्या शतकात एका लेखनिकाला कोऱ्या चामड्याची गरज होती. त्यानं या पानाच्या मागच्या बाजूवर संत मार्टिनचं चरित्र लिहिलं. मजकूर थोडा जास्त झाला, तेव्हा त्यानं पुढच्या बाजूवरची एक इमारत खरवडून तिथे शेवटच्या ओळी लिहिल्या. पान घडी घालून पुस्तक म्हणून कपाटात गेलं. आराखडा म्हणून ते कोणाला नको होतं. चरित्र म्हणून ते जपलं गेलं. संशोधक त्या लेखनिकाला एका इमारतीसाठी दोष देतात. मी तरी त्याचे आभार मानीन.

आता सोळावं शतक. मार्टिन ल्यूथरचं नाव आपण ऐकलेलं असतं, पण झुरिकचा उलरिक झ्विंग्ली आपल्याकडे फारसा माहीत नाही. डोंगरातल्या विल्डहाउस गावचा हा माणूस, ल्यूथरहून काही आठवड्यांनीच लहान. स्विस तरुण त्या काळी परक्या राजांच्या फौजांत भाड्यानं लढत. गरीब डोंगराळ देशाची ती निर्यातच होती. झ्विंग्ली अशा सैनिकांबरोबर धर्मगुरू म्हणून गेला आणि १५१५ मध्ये मारिन्यानोच्या रणांगणावर आपल्या माणसांची कत्तल झाल्यानंतर भाडोत्री लढाईचा कट्टर विरोधक झाला. १ जानेवारी १५१९ रोजी, आपल्या वाढदिवशी, तो झुरिकच्या ग्रोसम्युन्स्टर चर्चमध्ये उभा राहिला आणि नेमून दिलेले उतारे बाजूला ठेवून मॅथ्यूचं शुभवर्तमान पहिल्या ओळीपासून सलग समजावून सांगू लागला.

ठिणगी पडली ती मात्र खाण्यावरून. ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत मांस निषिद्ध. १५२२ च्या मार्चमध्ये फ्रोशाउअर नावाच्या मुद्रकाच्या घरी काही मंडळींनी धुरावलेल्या सॉसेजचे तुकडे वाटून खाल्ले. मुद्रकाचं म्हणणं, फ्रँकफर्टच्या जत्रेसाठी पुस्तकं तयार करायची आहेत, माझी माणसं राबतायत, नुसत्या पेजेवर कशी राबतील? झ्विंग्ली तिथे हजर होता, पण त्यानं स्वतः खाल्लं नाही. नंतर त्यांच्या बाजूनं त्यानं व्यासपीठावरून प्रवचन केलं आणि ते छापलं. पुढच्या वर्षी नगरसभेनं भर सभेत वाद ऐकला आणि झ्विंग्लीच्या बाजूनं कौल दिला. धर्माचा निर्णय पोप किंवा बिशप नव्हे, तर शहरातली कारागीर आणि व्यापाऱ्यांची सभा घेते आहे, ही त्या काळी अजबच गोष्ट होती.

मग मूर्ती गेल्या. १५२४ च्या उन्हाळ्यात झुरिकमध्ये हे काम दंगल न करता झालं. आधी देणगीदारांना सांगितलं, तुमच्या घराण्यानं वाहिलेली मूर्ती हवी असेल तर घेऊन जा. मग चर्चची दारं लावून गवंडी आणि सुतार आत गेले. लाकूड जाळलं, सोनंचांदी वितळवली, भिंतींवरची चित्रं चुन्यानं पुसली. त्या पांढऱ्या भिंती झ्विंग्लीला फार सुंदर वाटल्या. ऑर्गनही काढला गेला, आणि झ्विंग्ली स्वतः अनेक वाद्यं वाजवणारा माणूस होता! या माणसाला सौंदर्य कळत नव्हतं असं म्हणून सुटका नाही. त्याचं म्हणणं होतं, देवाची खरी प्रतिमा म्हणजे गरीब माणूस. लाकडाला रेशीम नेसवायचं आणि माणूस उघडा ठेवायचा, हे चालणार नाही. १५२५ पासून झुरिकमध्ये रिकाम्या झालेल्या मठातून गरिबांना रोज अन्न मिळू लागलं. फ्राउम्युन्स्टर मठाची शेवटची अधिपती कातारिना फॉन झिमर्न हिनं १५२४ मध्येच आपला मठ आणि सगळे हक्क शहराच्या स्वाधीन केले. ८५३ मध्ये राजानं आपल्या मुलीसाठी स्थापलेला मठ, एके काळी नाणी पाडण्याचा अधिकार असलेला, रक्त न सांडता बंद झाला.

रक्त सांडलं ते वेगळ्याच लोकांचं. झ्विंग्लीचेच काही तरुण अनुयायी म्हणू लागले, की धर्मग्रंथच प्रमाण मानायचा तर तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देण्याची आज्ञा त्यात कुठे आहे? जानेवारी १५२५ मध्ये त्यांनी प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. नगरसभेनं आधी दंड केला, तुरुंग दाखवला, आणि ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मान्त्स याला हात बांधून लिमाट नदीत बुडवलं. सुधारणेच्या पहिल्याच पिढीत, सुधारकांच्याच शहरात. २००४ मध्ये झुरिकच्या चर्चनं या कृत्याची कबुली दिली आणि नदीकाठी एक शिलालेख लावला. जिनिव्हात कॅल्व्हिनच्या काळी, १५५३ मध्ये, मिखाएल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याला जिवंत जाळलं गेलं. फुप्फुसातून रक्त कसं फिरतं याचं वर्णन करणारा हा माणूस; त्याचा गुन्हा त्रैक्याचा सिद्धांत नाकारण्याचा. तेव्हा बासेलमध्ये राहणाऱ्या सेबास्टियन कास्तेल्योनं उघड विरोध केला, की मताखातर कोणाचा जीव घेण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्याचं ऐकलं गेलं नाही. जिनिव्हात कॅल्व्हिनवाद्यांनीच १९०३ मध्ये सर्व्हेटसच्या नावे प्रायश्चित्ताचा दगड उभारला आणि २०११ मध्ये त्याचा पुतळाही उभा राहिला. साडेचारशे वर्षं लागली. कॅल्व्हिनच्या शहरातली दागिन्यांची बंदीच सोनारांना घड्याळांकडे घेऊन गेली, असं सांगितलं जातं. फ्रान्समधून आलेल्या प्रॉटेस्टंट निर्वासितांचं कसबही त्यात मिसळलं. १६०१ मध्ये जिनिव्हात घड्याळजींचा स्वतंत्र संघ झाला होता, एवढं पक्कं.

बर्नमध्ये मूर्तिभंजन झालं १५२८ मध्ये. कॅथीड्रलच्या मुख्य दारावरचा अखेरच्या न्यायाचा देखावा, दोनशेहून अधिक मूर्तींचा, त्यांनी तसाच ठेवला. आतल्या मूर्तींचं काय झालं हे साडेचारशे वर्षं नीट माहीत नव्हतं. १९८६ मध्ये कॅथीड्रलशेजारच्या गच्चीवजा मैदानाच्या दुरुस्तीसाठी खणताना त्या सापडल्या. भराव म्हणून टाकलेली शेकडो शकलं. तुटलेले चेहरे, हात, वस्त्रांच्या चुण्या, काहींवर अजून रंग. भिंतीवर राहिल्या असत्या तर त्या पावसानं, धुरानं झिजल्या असत्या. आज त्या बर्नच्या इतिहास संग्रहालयात आहेत. बासेलमध्ये उलट गोष्ट घडली. तिथे १५२९ मध्ये जमावानं चर्चमधल्या मूर्ती फोडून जाळल्या. वैतागून इरॅस्मस शहर सोडून गेला. पण शेवटी परत आला, १५३६ मध्ये तिथेच वारला आणि कॅथलिक असूनही प्रॉटेस्टंट कॅथीड्रलमध्ये पुरला गेला. कॅथीड्रलचा सोन्याचांदीचा खजिना मात्र तिजोरीत असल्यानं जमावाच्या हाती लागला नाही. तो तीनशे वर्षं टिकला आणि १८३६ मध्ये, शहर आणि ग्रामीण भाग यांची वाटणी झाल्यावर, त्यातला बराचसा भाग चक्क लिलावात विकला गेला. त्यातला सोन्याचा वेदीपट आज पॅरिसच्या संग्रहालयात आहे. जमावानं जे केलं नाही ते हिशेबनीसांनी केलं.

बासेलचं नाव आपल्या कोकणातल्या माणसानं वेगळ्या कारणानं ऐकलेलं असतं. १८१५ मध्ये तिथे स्थापन झालेल्या बासेल मिशनचे धर्मप्रसारक १८३४ मध्ये मंगळूरला आले. धर्मांतर केलेल्यांची जात आणि धंदा दोन्ही सुटत, म्हणून त्यांना काम देण्यासाठी मिशननं कारखाने काढले. १८६५ मध्ये प्लेब्स्ट या मिशनरीनं तिथे कौलांचा कारखाना सुरू केला. कोकणात आणि गोव्यात घराघरांवर चढलेली मंगलोरी कौलं ती हीच.

झ्विंग्ली १५३१ च्या ऑक्टोबरमध्ये काप्पेलच्या लढाईत कॅथलिक प्रांतांविरुद्ध लढताना पडला. त्याच गावाजवळ दोन वर्षांपूर्वी फौजा समोरासमोर येऊनही लढल्या नव्हत्या. एकीकडून दूध, दुसरीकडून भाकरी आणून हद्दीवर ठेवलेल्या एकाच भांड्यातून सैनिक जेवले, असं सांगतात. पराभवानंतर ठरलं, की प्रत्येक प्रांतानं आपला धर्म आपण ठरवावा. हे काही प्रेमाचं राहणं नव्हतं. सेंट गॅलनमध्ये शहर प्रॉटेस्टंट, मधोमध मठ कॅथलिक. १५६७ च्या सुमारास दोघांच्या मधे उंच भिंत घातली गेली आणि मठाधिपतीला शहरात पाय न ठेवता बाहेर पडता यावं म्हणून तटाला वेगळा दरवाजा काढला गेला. आपेनझेल प्रांतानं १५९७ मध्ये सरळ वाटणी करून घेतली. काही गावांत एकच चर्च दोन्ही पंथ पाळीपाळीनं वापरत. १८४७ मध्ये पुन्हा गृहयुद्ध झालं, पण ते महिन्याभरात संपलं आणि दोन्हीकडचे मिळून सुमारे शंभर लोक मेले. पुढच्याच वर्षी आजच्या संघराज्याची घटना आली. जेझुइट पंथावरची बंदी मात्र १९७३ पर्यंत घटनेत राहिली.

पूर्वेकडच्या ग्राउब्युंडन प्रांतात म्युस्टाइर नावाच्या खेड्यात, शार्लमेनच्या काळच्या मठात, नवव्या शतकाच्या आरंभीची भित्तिचित्रं आहेत. हे गाव कॅथलिक राहिलं, तरी ही चित्रं नंतरच्या रंगांखाली झाकली गेली होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती पूर्णपणे उघडी झाली. तिथे जोगिणी अजून राहतात. शेजारच्या एंगाडीन खोऱ्यात लोक प्रॉटेस्टंट झाले. याच प्रांतात रोमान्श भाषा बोलली जाते. इसवी सनापूर्वी १५ मध्ये हा मुलूख जिंकणाऱ्या रोमन सैनिकांच्या आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या व्यापाऱ्यांच्या बोलीतल्या लॅटिनपासून ती निघाली आणि डोंगराआड टिकली. तिला लिखित रूप फारसं नव्हतं. १५६० मध्ये जाकियाम बिफ्रुन या एंगाडीनच्या वकिलानं ‘नवा करार’ तीत छापला, कारण नव्या मताप्रमाणे प्रत्येकानं तो आपल्या भाषेत वाचायला हवा होता. १९३८ मध्ये स्विस मतदारांनी, त्यातले बहुतेक ती भाषा न समजणारे, प्रचंड बहुमतानं तिला चौथी राष्ट्रीय भाषा केलं. आज सुमारे चाळीस हजार लोकांची ती मुख्य भाषा आहे, आणि त्यांच्यासाठी त्या भाषेतलं स्वतंत्र रेडिओ केंद्र चालतं.